एका हाताने मासळी साफ करावयाची तर

आजाऱ्यांच्या भेटीला घरोघर फिरताना प्रकृतीच्या तक्रारी पुष्कळ ऐकाव्या लागतात. मासळीची तक्रार आम्ही प्रथमच ऐकली. घरातील मावशी सत्तरीच्या. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणे सावरले, काठी घेऊन चालणेही बऱ्यापैकी जमू लागले, पण डावा हात काही परत आला नाही. बोटे मिटतात ती उघडत नाहीत. आम्हाला वाटले, त्या हाताविषयी बोलतील. त्या म्हणाल्या, "फादर, सून बाजारातूनच मासे कापून आणते. कापलेल्या माशाचे कल्ले तिथेच राहतात. कल्ले पाहिल्याशिवाय मासा ताजा की शिळा हे मी कसे ओळखणार? माझ्या घरात पन्नास वर्षांत शिळा मासा शिजला नाही."

सून तिथेच उभी होती. ती म्हणाली, "फादर, मी संध्याकाळी सातला कामावरून येते. तेव्हा मासे घेऊन बसू की मुलांचा अभ्यास घेऊ?"

दोघींचेही बरोबर होते. मग सुनेने हळूच दुसरी गोष्ट सांगितली. महिन्यापूर्वी घरात कोणी नसताना मावशींनी मागील दारी विळी मांडून बांगडा कापायला घेतला होता. मासा सटकला, आणि जो एक हात चांगला होता त्यालाच तीन टाके पडले. आठ दिवस दोन्ही हात बंद. जेवण भरवावे लागले. तेव्हापासून विळी माळ्यावर.

अशा घरी "आता आराम करा" असे सांगून उठणे सोपे असते. आम्ही तसे अर्धवट सांगितलेही. पण वाटेत विचार आला की ज्या बाईचा घरातील मान मासळीच्या टोपलीशी बांधलेला आहे, तिला आराम म्हणजे काय? आणि गोव्यात हे दुखणे एकट्या मावशींचे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मधुमेहाच्या पाहणीत सर्व राज्यांत गोवा पहिला आला. मोठ्या माणसांपैकी शेकडा २६ हून अधिक मधुमेही. मधुमेह व रक्तदाब जिथे जास्त, तिथे अर्धांगवायू जास्त. शिवाय संधिवाताने वाकडी झालेली बोटे, यंत्रात सापडलेला हात, बधिर झालेले तळवे. हे सगळे हात कधी ना कधी मासळीला लागणारच.

म्हणून आम्ही मेस्ताला गाठले. मेस्त कसबी आहे, पण त्याने पहिला प्रश्न असा विचारला की आम्हाला उत्तर देता येईना. "फादर, दुसरा हात नेमके काय करतो ते सांगा, म्हणजे त्याच्या जागी लाकूड बसवतो."

मग आम्ही दोघे स्वयंपाकघरात जाऊन पाहत बसलो. विळीवर, म्हणजे आपल्या आदोळीवर, पाते स्थिर असते. पाट पायाखाली दाबलेला असतो आणि मासा दोन्ही हातांनी धरून पात्यावर चालवतात. म्हणजे विळीवर दोन्ही हातांचे काम धरण्याचेच. एक हात गेला की मासा डगमगतो, आणि पाते तर आपल्याकडेच तोंड करून उभे असते. त्यातून अर्धांगवायूत पायही कमजोर असतो, त्यामुळे पाटही नीट दाबला जात नाही. मावशींचे टाके का पडले हे तिथे उलगडले. सुरीचे गणित निराळे. एक हात कापतो, दुसरा नुसता धरतो. धरण्याचे काम फळीला देता आले तर एक हात पुरतो. तेव्हा एक हात पूर्ण निकामी असेल तर विळी सोडून सुरी घ्यावी, असे आमचे मत झाले. ही गोष्ट आमच्या बायकांना पटवणे फार कठीण, हे आम्ही जाणतो. मावशी म्हणाल्याच, "सुरी बाजारातल्या माणसाने धरावी."

संधिवाताच्या माणसाचे मात्र उलट आहे. त्याला दोन हात असतात, पण मूठ आवळत नाही. सुरीची बारीक मूठ धरली की सांधे ठणकतात. त्याला विळीच बरी, कारण तिथे मूठ धरावी लागत नाही, दोन्ही तळव्यांनी मासा पुढे सारता येतो. फक्त ती जमिनीवर नको. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवण्याची विळी बाजारात मिळते. खुर्चीवर बसून ती वापरावी. गुडघे आणि कंबर दोन्ही वाचतात.

आता फळीकडे वळू. मेस्ताने फणसाच्या लाकडाची दीड फूट लांब, आठ इंच रुंद व इंचभर जाड फळी घेतली आणि खालून एक खिळा मारून त्याचे टोक वर काढले. मासा त्या टोकावर डोक्याशी रोवायचा. पहिल्याच बांगड्याला चूक कळली. एका खिळ्यावर मासा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. दोन टोके हवीत, एकमेकांपासून पाऊण इंचावर, म्हणजे मासा फिरत नाही. लोखंडी खिळे चार दिवसांत गंजले, म्हणून मग न गंजणाऱ्या पोलादाचे स्क्रू खालून घालून त्यांची टोके घासून घेतली. टोके फळीच्या वर इंचभर असावीत.

दुसरी चूक खवले काढताना कळली. बांगड्याला खवले नावापुरते, त्यामुळे काही वाटले नाही. पण पालू आणला, डोके खिळ्यांवर रोवले आणि नेहमीप्रमाणे शेपटीकडून डोक्याकडे खरवडायला गेलो, तर मासा मधोमध दुमडून उडी मारल्यासारखा निसटला. पुष्कळ वेळ आम्ही खिळ्यांना दोष देत होतो. दोष दिशेचा होता. खरवडताना मासा ताणला गेला पाहिजे. तो खिळ्यांकडे ढकलला गेला की दुमडतो. खवले शेपटीकडून डोक्याकडे निघतात, तेव्हा धरावयाची ती शेपटी. पोट फाडताना डोके खिळ्यांवर रोवावे आणि सुरी कल्ल्यांकडून मागे शेपटीकडे ओढत न्यावी, म्हणजे तेव्हाही मासा ताणलेलाच राहतो. एवढे एक ध्यानात ठेवले तर निम्मे काम झाले.

शेपटी धरण्यासाठी मेस्ताने फळीच्या दुसऱ्या टोकाला पोलादी चाप बसवला. तो आम्हाला फार आवडला. मावशींना दाखवला तर त्या हसल्या. चाप उघडायला एक हात आणि त्यात शेपटी घालायला दुसरा! एका हाताच्या माणसासाठी दोन हातांचे साधन करून आम्ही मोठ्या ऐटीने त्यांच्या दारी गेलो होतो. त्यानंतर मेस्ताने चापाऐवजी चार इंचांची लहान फळी बिजागरीने बसवली. शेपटी ठेवायची, वरची फळी पाडायची आणि लाकडी खुंटी फिरवून अडकवायची. हे सगळे एकाच हाताने, एकामागून एक करता येते. वरच्या फळीच्या खालच्या अंगाला करवतीने आडव्या खाचा पाडल्या आहेत, म्हणून ओली शेपटी सरकत नाही. ज्यांनी असे काही करून घ्यावयाचे ठरवले असेल त्यांनी आधी आपला एक हात पाठीमागे बांधून ते वापरून पाहावे. आम्ही आता तसेच करतो.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत पण सोडू नयेत. फळीच्या मागील कडेला पाऊण इंच उंचीची पट्टी असावी. मासा किंवा तुकडा तिला टेकवून रेटता येतो. पुढच्या कडेला खालून एक पट्टी असावी, म्हणजे फळी ओट्याला अडकून बसते. फळीखाली ओले गोणपाट किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. उंची अशी हवी की बसल्या जागी कोपर टांगता राहणार नाही. आणि काम संपल्यावर दोन्ही टोकांवर बाटलीची बुचे टोचून ठेवावीत. घरात लहान मुले असतील तर हे विसरून चालणार नाही. बूच नसेल तर अर्धा बटाटा चालतो.

खवले काढायला सुरी लागतच नाही. हाताच्या लांबीच्या जाड दांड्यावर सोड्याच्या बाटलीची दातेरी पत्र्याची झाकणे तीन-चार खिळ्यांनी उपडी ठोकली की उत्तम खवणी होते. दांडा इतका जाड असावा की मूठ वळल्यावर अंगठा आणि तर्जनी एकमेकांना जेमतेम टेकतील. बोटे अशक्त असणाऱ्यांनी सर्वच मुठी अशा जाड कराव्यात; कापड गुंडाळून वरून ट्यूबची पट्टी ताणून बांधली की झाले. बोटे मुळीच मिटत नसतील तर तळहाताभोवती चामड्याचा पट्टा बांधून त्याच्या खिशात चमच्याचा दांडा खोचतात. शेपटी अडकवलेला मासा अशा चमच्यानेही खरवडला जातो. पण त्या पट्ट्यात सुरी कधी खोचू नये. पडायला लागली तर सुरी सोडता आली पाहिजे, आणि बांधलेली सुरी सोडता येत नाही.

पर, शेपटी व कल्ले यांना कात्री बरी. आपोआप उघडणारी, स्प्रिंगची कात्री घ्यावी. साधी कात्री मिटते, पण उघडताना अंगठ्यावर भार येतो. कल्ला दोन्ही टोकांशी कात्रीने तोडला की चिमटीने ओढून निघतो. आतडी चमच्याने खरवडून काढावी. तुकडे करण्यासाठी चंद्रकोरीसारख्या पात्याची, मूठ वर असलेली सुरी मिळते. ती ओढावयाची नसते, वरून दाबून पाळण्यासारखी डोलवायची असते, त्यामुळे बांगड्याचा काटा एका दाबाने तुटतो. ही कल्पना जुनी आहे. १७९७ साली टेनेरिफ बेटावरील चढाईत उजवा हात गमावलेला इंग्लंडचा नौसेनापती नेल्सन काटा आणि सुरी एकत्र असलेल्या हत्याराने जेवत असे, आणि एका हाताने जेवणाऱ्यांच्या सुरीला आजही त्याचेच नाव चालते. सुरी कोणतीही असो, धारदार असावी. बोथट सुरीला जोर लागतो, आणि जोर लावला की ती घसरते. धार मात्र घरातील दुसऱ्या कोणी लावून द्यावी.

कोणता मासा घ्यावा यातही शहाणपण आहे. बांगडा, तारली व मुडदुशी एका हाताला सोपी. पापलेटलाही फारसा त्रास नाही. तांबोशी, चणाक व कालुंदर यांचे खवले राठ आणि परांचे काटे टोकदार, ते सवय झाल्यावर. इसवण बाजारातून तुकडे करूनच आणावा, त्यात कमीपणा नाही. तिसऱ्या एका हाताने विळीवर उघडण्याचा हट्ट धरू नये. धुऊन झाकण घालून वाफवल्या की आपणच तोंड उघडतात. शिंगाळ्याविषयी पुढे सांगतो.

आतापर्यंत हाताच्या ताकदीविषयी लिहिले. पण ज्या हाताला ताकद आहे पण जाणीव नाही, त्याचे संकट मोठे. वेल्लोर येथे १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांचा अभ्यास करून दाखवून दिले की त्यांची बोटे रोग खात नाही. वेदना कळत नसल्यामुळे नकळत होणाऱ्या जखमा, चटके व घर्षण यांनी ती झिजतात. कुष्ठरोग आता औषधांनी पूर्ण बरा होतो, पण बधिर झालेला हात पुष्कळदा तसाच राहतो. मधुमेहानेही हातापायांची जाणीव मंद होते. अशा माणसाने मासळी साफ करताना हात डोळ्यांनी सांभाळावा, कारण बोट काही सांगणार नाही. उजेडात बसावे. धरणाऱ्या हातात न कापणाऱ्या धाग्याचा हातमोजा घालावा. काम झाल्यावर हात साबणाने धुऊन बोटे एकेक करून पाहावीत, कुठे काटा रुतला आहे का, कातडी चिरली आहे का. त्यानंतर साध्या पाण्यात वीसेक मिनिटे हात भिजवून तेल लावावे, म्हणजे कातडी भेगाळत नाही.

अर्धांगवायू झालेल्या काहींना एक बाजू असल्याचे भानच राहत नाही, विशेषतः डावी बाजू. डोळे चांगले असतात, पण त्या बाजूचा हात सुरीखाली आला तरी ध्यानात येत नाही. असे असेल तर सुरी हातात देण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा व्यायाम शिकवणाऱ्यांना विचारावे आणि तोपर्यंत खवले काढण्याचेच काम द्यावे. जाणीव शाबूत असून हात नुसता अशक्त असेल, तर खरवडताना तो फळीवर वजनासारखा ठेवावा. सुरी चालताना मात्र तो मांडीवर असावा.

एक हात म्हणजे वेळ जास्त. मावशींना सहा बांगड्यांना आरंभी पाऊण तास लागत असे. इथे घरच्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. बांगडा, तारली, कुपा अशा माशांत उन्हाळ्याच्या उष्म्याने जंतू वाढून हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते खाल्ल्याने तोंड लालबुंद होते, अंगाला खाज सुटते, डोके दुखते. लोक त्याला मासळीची अंगावर उठली असे म्हणतात. हे द्रव्य शिजवून किंवा तळून जात नाही. म्हणून टोपली ओट्यावर ओतून बसू नये. मासे बर्फात ठेवून दोन-दोन काढावेत, साफ झालेले लगेच दुसऱ्या भांड्यात बर्फावर ठेवावेत. मग तास लागला तरी चिंता नाही.

शिंगाळ्याचे काटे विषारी असतात. साफ करणाऱ्याने आधी कात्रीने किंवा पकडीने तिन्ही काटे तोडून टाकावेत. एका हाताच्या माणसाने हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते. पण पाणी किती गरम आहे हे बधिर हाताने पाहू नये, दुसऱ्याने पाहावे. आम्हाला असा एक भाजलेला हात माहीत आहे. कोणत्याही माशाचा काटा लागला तर जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या सुईविषयी विचारावे. काही दिवसांनी बोटावर जांभळट, दुखरा चट्टा पसरू लागला तर तो मासे व मांस हाताळणाऱ्यांना होणारा जंतुदोष असू शकतो, औषधाने बरा होतो. मात्र काही तासांतच सूज वाढली, वेदना असह्य झाली, ताप आला, काळसर फोड दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. यकृताच्या रोग्यांना व मधुमेह्यांना खाऱ्या पाण्यातील काही जंतूंपासून प्राणाचे भय असते. यात घरगुती उपाय नको.

फळी धुताना आधी थंड पाण्याने धुवावी, कारण गरम पाण्याने रक्त व चिकटा लाकडात मुरतो. त्यानंतर साबण व गरम पाणी, आणि शेवटी कडक उन्हात उभी करून वाळवावी. पावसात लाकूड वाळत नाही. तेव्हा जाड प्लॅस्टिकची फळी सोयीची, तिच्यावरही हीच रचना बसते.

मावशींचे काय झाले ते सांगतो. पहिले दोन आठवडे त्या फळीला नावे ठेवत होत्या. त्यानंतर ठरले ते असे: सून किंवा नातू अख्खा मासा आणतो, मावशी कल्ले पाहून पसंत-नापसंत सांगतात, दुपारच्या निवांत वेळी साफ करतात, आणि सून आली की फोडणी तिची. सहा बांगड्यांना आता वीस मिनिटे लागतात. आम्ही शुक्रवारी गेलो होतो तेव्हा सुनेने आणलेली तारली त्यांनी परत पाठवली होती आणि घरात थोडी कुरबुर चालू होती. विळी अजून माळ्यावरच आहे. तिच्या टोकावर खोवणी असल्यामुळे नारळाची अडचण उभी राहिली आहे, आणि मावशींनी मेस्ताला निरोप धाडला आहे.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मेस्ताला इतर काम कमी असते. ज्यांना फळी करून घ्यावयाची आहे त्यांनी रविवारी मिस्सानंतर कार्यालयात यावे. मापाचा कागद तिथे टांगलेला आहे आणि एक फळी हाताळून पाहण्यासाठी ठेवली आहे. येताना आपला कोणता हात चालतो तेवढे सांगावे, म्हणजे बिजागरीची बाजू उजवीकडे की डावीकडे ते ठरवता येईल.